अडीचची केबल आणि पंचवीसचा फ्यूज

गाडीत गाणी वाजवायला काय काय लागतं, हे कुणालाही विचारा. डेक म्हणेल, स्पीकर म्हणेल, हौशी असेल तर वूफर आणि ॲम्प्लिफायर म्हणेल. वायर कुणी म्हणणार नाही. आपणहून ‘मिस्तरी, वायर चांगली टाका’ असं सांगणारी गिऱ्हाइकं मला उभ्या हयातीत दोन-तीनच भेटली, आणि त्यातलं एक स्वतः वायरमन होतं. बाकीच्यांचं म्हणणं एकच. वायर काय, दिसते का? गालिच्याखालीच तर जाणार.

मी बेलापुरात गाड्यांचं वायरिंग करायचो. आधी नुसतं सेल्फ-स्टार्टर, डायनॅमो, हॉर्न असलं काम होतं. पुढे लोकांच्या दारात जीपा उभ्या राहिल्या, पोरांना आवाजाची हौस आली आणि मी त्या कामात शिरलो. आता दुकान पुतण्या बघतो. मी तिथं खुर्ची टाकून बसतो आणि कुणी विचारलं नाही तरी सल्ला देतो. गेल्या वर्षभरात पुतण्यानं माझी खुर्ची हळूहळू सरकवत दुकानाच्या पायरीबाहेर आणली आहे. मी काही बोललेलो नाही. बाहेर वारा बरा असतो.

दिवाळीच्या अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्यांना गमतीचे किस्से हवे होते. एक-दोन सांगतोही. पण मी हो म्हटलं ते एका ट्रॅक्टरसाठी. त्या प्रकरणात एका माणसाचा हात अधू झाला आणि त्याबरोबर त्याचं कामही गेलं. माझं काम मात्र नियमाला धरून होतं. या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असू शकतात, ते मला नीट मांडायचं आहे.

त्याआधी वायरचं गणित. आमच्याकडे हे समजावायला सोपं जातं, कारण प्रत्येकाच्या रानात पाइपलाइन आहे. विजेचा दाब म्हणजे पाण्याचा दाब, आणि वायरची जाडी म्हणजे पाइपाची जाडी. घरात दाब दोनशे तीस व्होल्टचा, शेतातल्या मोटारीला चारशेच्या वर, आणि गाडीच्या बॅटरीत फक्त बाराचा. दाब भरपूर असेल तर बारीक पाइपातूनही काम होतं. दाब कमी असला की तेवढ्याच कामाला पाणी फार सोडावं लागतं, मग पाइप जाड हवा. फरक एवढाच की पाणी अडलं तर नुसतं कमी येतं, वीज अडली तर वायर तापते.

म्हणून ॲम्प्लिफायरच्या वॅटला बारानं भागायचं, आणि वाया जाणारं म्हणून वर तिसरा हिस्सा धरायचा. हे वॅटही खरे हवेत. खोक्यावर छापलेले वॅट म्हणजे स्थळ म्हणून आलेल्या मुलाचा पगार, निम्मा धरून चालावं. खरे सहाशे वॅट असतील तर साठ-पासष्ट अँपिअर होतात. मग बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वायर जशी वळत जाणार तशी सुतळी लावून लांबी मोजायची. दहा-बारा फुटांच्या आत असेल तर चाळीस अँपिअरला दहाची, म्हणजे दहा चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, साठ-पासष्टला सोळाची, शंभरला पंचवीसची. लांबी वाढली की जाडी वाढवायची. आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावायचा. हा फ्यूज ॲम्प्लिफायरसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. तो असतो वायरसाठी. वायरला सोसवेल त्याच्या आतला फ्यूज लावायचा, म्हणजे कुठं घासून वायर गाडीच्या पत्र्याला टेकली तर आधी फ्यूज जातो, वायर पेटत नाही.

एवढीच विद्या आहे. यात हुशारी काही नाही, पण लोक ती ऐकत नाहीत. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक तरुण मुद्दाम माझ्याकडे आला होता. त्यानं मोबाईलवरून मागवलेली केबल दाखवली. अंगठ्याएवढी जाड, लालभडक, वर इंग्रजी अक्षरं. ‘काका, याच्यापुढं तुमची सोळाची म्हणजे दोरा आहे,’ असं म्हणाला. मी टोक सोललं. अंगठ्यातलं बहुतेक सगळं प्लास्टिकच होतं, तार आत करंगळीएवढीही नव्हती. चाकूनं खरवडल्यावर वरचा तांब्याचा रंग गेला आणि खाली पांढरं ॲल्युमिनियम दिसलं. त्यानं ती तार बराच वेळ हातात धरली. मग म्हणाला, ‘कंपनीत मी क्वालिटीलाच आहे.’ मी त्याला चहा पाजला.

दुसरा गावातलाच. त्याच्या जीपला ढोलाच्या ठेक्याबरोबर हेडलाइट मिचमिचायचे. वायर बारीक असली की हे होतं. ॲम्प्लिफायर एकदम ओढ घेतो, दाब पडतो आणि दिवे मंदावतात. हा आजार आहे. मी सोळाची टाकून तो बरा केला, तर हा दुसऱ्या दिवशी भांडायला हजर. ‘मिस्तरी, दिवे नाचायचे बंद झाले की! सगळ्या वरातीत माझ्याच गाडीचे दिवे नाचायचे. पयल्यासारखं करून द्या.’ मी करून दिलं नाही. त्यानं दुसरीकडून करून घेतलं असणार, कारण पुढच्या लग्नसराईत त्याचे दिवे पुन्हा नाचत होते.

आता ट्रॅक्टर.

गळीत हंगामात आमच्या रस्त्यानं जे गेले असतील त्यांनी ऐकलं असेल. उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतो. मागं दोन ट्रॉल्या, त्यावर मोळ्यांचा डोंगर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या टपात स्पीकर. बाहेरच्यांना हा नुसता धिंगाणा वाटतो. पण फडावरून कारखाना, कारखान्यावरून फड, मध्ये वजनकाट्यावरची रांग, असं चार-पाच महिने चालतं. ड्रायव्हरला झोप पुरत नाही. गाणी बंद झाली की डोळा लागतो आणि डोळा लागला की ट्रॉली खड्ड्यात. इंजिनाच्या वर आवाज जायचा तर ॲम्प्लिफायर लागतोच. ड्रायव्हर कामावर येतानाच विचारतात, टेप हाय का?

आप्पा आमच्या गावातले बागायतदार, जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या ट्रॅक्टरवर अंकुश नावाचा ड्रायव्हर असायचा, पाथर्डीकडचा. तिकडची रानं कोरडी, म्हणून दिवाळी झाली की तो यायचा आणि कारखाना बंद झाला की जायचा. माणूस शांत, निर्व्यसनी. त्याचा तो पाचवा हंगाम. त्या साली त्यानं पहिल्यांदाच आवाज मागितला आणि आप्पा त्याला आणि ट्रॅक्टरला घेऊन माझ्या दुकानी आले. सहाशे वॅटचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर त्यांनी आणलेच होते. वर एका गोणीत गुंडाळलेली चपटी काळी केबल होती, बोअरची मोटार बदलली तेव्हा उरलेली.

“मिस्तरी, ह्याला तारा तीनच लागत्यात ना?” आप्पांनी विचारलं. “एक प्लस, एक मायनस, एक चालू-बंदची?”

“तीनच.”

“मंग ह्या केबलीत तीनच हायेत की. देवानंच जमवून आणलंय.”

मी केबल पाहिली. अडीचची होती. म्हटलं, “आप्पा, ही नाही चालणार. सोळाची लागेल.”

“न्हाई चालनार? पाच एचपीची मोटार चालीवली हिनं, तीनशे फुटांवरनं पानी काडलं! आन् तुमचा ह्यो डबा हिला जड जातोय व्हय?”

दुकानात बसलेले सगळे हसले. आप्पांचा मुद्दा बाहेरून बिनतोड होता. आमच्या भागातली ही ठरलेली चूक आहे. ज्या केबलनं मोटार चालते तिच्यानं काहीही चालेल, असं शेतकऱ्याला वाटतं, कारण मोटारीएवढं दांडगं त्याच्या घरात दुसरं काही नसतं. पण मोटार चारशेच्या दाबावर चालते, तिला आठ-नऊ अँपिअर पुरतात. हा डबा बारावर चालतो आणि साठ मागतो. शिवाय ती केबल जन्मभर गार पाण्यात राहायला बनवलेली, तिला आता इंजिनाला खेटून जायचं होतं. तिन्ही तारा एकत्र पिळून प्लसला वापरल्या असत्या तर काही तरी निभावलं असतं, पण मग मायनसला आणि चालू-बंदला काय? तुकडा एकच होता.

मी आप्पांना हे सगळं समजावलं. पाइपलाइन, दाब, जाडी, सगळं. घाई केली नाही. आप्पा हुशार माणूस, त्यांना कळलं. कळल्यावर ते म्हणाले, “समजलं मला. पर ह्यो एक हंगाम जाऊ द्या, मिस्तरी. म्होरल्या साली तुमची सोळाची टाकू.”

इथं मी नाही म्हणायला हवं होतं. ट्रॅक्टर परत पाठवायला हवा होता. पण माझ्याकडे एक शहाणपणाची तोड होती. मी म्हटलं, केबल अडीचची तर फ्यूज पंचवीस अँपिअरचा लावू. जास्त ओढलं की फ्यूज उडेल, केबल सुरक्षित राहील, आणि चार वेळा फ्यूज उडाला की आप्पा आपणहून सोळाची टाका म्हणत येतील. मी मनातल्या मनात खूश झालो. नियमही पाळला आणि गिऱ्हाईकही राखलं. फ्यूज बॅटरीपासून बरोबर वीतभर अंतरावर लावला. ते काम आजही कुणी तपासावं, त्यात खोट निघणार नाही.

फ्यूज उडायला लागले. पण आप्पा आले नाहीत, अंकुश आला. आप्पांना त्याचा पत्ताच नसावा. टपातलं गाणं बंद पडलं तर ते ड्रायव्हरचं दुखणं, मालकाचं नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी दोन फ्यूज दिले. आठवड्यानं आला, तेव्हा पाच दिले. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी एका गाडीच्या सेल्फमध्ये हात घालून बसलो होतो आणि सेल्फ काही केल्या जुळत नव्हता.

“मिस्तरी, जरा मोठ्या नंबरचा फ्यूज न्हाई का?” त्यानं विचारलं. “ह्यो लई उडतोय बगा. काट्यावर रांगेत बसलं की डोळं मिटाया लागत्यात.”

“आहे तोच लाव,” मी म्हणालो. “आवाज कमी ठेव. तुला त्यातलं काय कळतंय?”

तो बरं म्हणाला आणि फ्यूज घेऊन गेला. त्यानंतर आला नाही. मला वाटलं, आवाज कमी ठेवत असेल. खरं तर मला तसं वाटलं नाही. चाळीस गावचे ड्रायव्हर मी पाहिलेत. फ्यूज उडायचा थांबत नाही तेव्हा ते काय करतात, हे मला ठाऊक होतं. वायरीतली तांब्याची तार काढतात, दुहेरी-तिहेरी पीळ देतात आणि फ्यूजच्या जागी बसवतात. मग पुन्हा काही उडत नाही. हे माहीत असूनही मी सेल्फ जुळवत बसलो.

पुढं काय झालं ते मला ट्रॉलीवरच्या बायकांनी सांगितलं. सकाळी दहाची वेळ. भरलेल्या दोन ट्रॉल्या कारखान्याकडं निघालेल्या, पहिल्या ट्रॉलीच्या मोळ्यांवर ऊसतोड टोळीतल्या तीन बायका आणि एक लेकरू. आधी प्लास्टिक जळाल्याचा वास आला. मग बॉनेटखालून धूर निघाला. इंजिनाच्या उष्णतेनं मऊ झालेली केबल पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती आणि तिथं टेकली होती. फ्यूज असता तर त्याच क्षणी उडाला असता. त्याच्या जागी तार होती. सगळी बॅटरी त्या अडीचच्या केबलीतून वाहायला लागली. केबल लाल झाली आणि तिच्यावरची ज्योत मागं सीटकडं सरकू लागली. सीटच्या मागं हातभर अंतरावर वाळलेलं पाचट होतं.

अंकुशनं ट्रॅक्टर कडेला घेतला, बायकांना ओरडून खाली उतरवलं, बॉनेट उघडलं आणि केबल बॅटरीजवळ मुठीत धरून उपटली. पाना शोधायला गेला असता तर ट्रॉली पेटली असती. केबल निघाली. वितळलेलं प्लास्टिक आणि तापलेलं तांबं त्याच्या उजव्या तळव्याला चिकटून राहिलं. ऊस वाचला, ट्रॅक्टर वाचला, माणसं वाचली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला वस्तीवर बोलावलं. टोळीचा मुकादम होता, गावातले दोघे-तिघे होते. अंकुश हाताला पट्टी बांधून ओट्याच्या कडेला बसला होता. आप्पांच्या हातात फ्यूज बसवायची डबी होती. त्यांनी ती उघडून मला आतली काळी पडलेली तार दाखवली.

“मिस्तरी, तुमी ह्यात फ्यूज बशीवला हुता का न्हवता?”

“बसवला होता.”

“कितीचा?”

“पंचवीसचा.”

“बरुबर हुता त्यो?”

“केबलच्या मानानं बरोबर होता.”

“मंग ही तार कुनी घातली?”

“म्या,” अंकुश म्हणाला.

झालं. एवढीच चौकशी. आप्पांनी त्याला घरी पाठवलं आणि दोन दिवसांत दुसरा ड्रायव्हर आणला. ‘फ्यूज काडून तार घालनारा मानूस’ म्हणून त्याचं नाव सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांत झालं. मी तिथं जे बोललो त्यातला शब्द न् शब्द खरा होता. त्यापुढं दोन वाक्यं बोलायला हवी होती. केबलच चुकीची होती आणि ते मला आणि आप्पांना दोघांना माहीत होतं. तो मोठा फ्यूज मागायला आला होता आणि मी त्याला हाकललं. ती वाक्यं माझ्या तोंडाशी आलेली होती. आप्पांकडे पाहिलं आणि ती गिळली. मला त्याची लाज वाटते, आजही वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात मी पाथर्डीकडं त्याच्या गावी गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. विचारत विचारत घर सापडलं. दारात दोन शेळ्या, लिंबाखाली बाज. अंकुश बाजेवर बसून डाव्या हातानं दोरी वळायचा प्रयत्न करत होता. उजव्या हाताची दोन बोटं पुरती मिटत नव्हती. ट्रॅक्टर चालवता येतो म्हणाला, पण कुणी देत नाही. बायको आणि भाऊ ऊसतोडीला जातात, त्याला कोयता धरता येत नाही. हे सगळं त्यानं गाऱ्हाणं घातल्यासारखं सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. त्याच्या बायकोनं कोरा चहा आणून ठेवला आणि ती आमच्याकडं न बघता आत गेली.

मी म्हणालो, “अंकुश, चूक माझी होती. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.”

“न्हाई मिस्तरी, तार म्याच घातली हुती. खोटं कशाला बोलू?” त्यानं दोरी बाजूला ठेवली. “पर येक इचारू का? त्यो फ्यूज सारखा उडायचा कशापायी?”

आप्पांना मी पाइपलाइनसकट सगळं समजावलं होतं. दुकानात बसलेल्या रिकामटेकड्यांनाही समजावलं होतं. अंकुश तेव्हा बाहेर ट्रॅक्टरपाशी उभा होता. गाडी चालवणार तो, फ्यूज बदलणार तो, पेटली तर वर बसलेला असणार तो. आणि त्याला मी काय सांगितलं होतं, तर तुला त्यातलं काय कळतंय.

मग मी सांगितलं. “केबल बारीक होती. आवाज मोठा केला की तिला सोसवत नव्हतं, ती तापायची. फ्यूज उडायचा तो ती पेटू नये म्हणून. तार घातली की तिला थांबवणारं कुणी राहिलं नाही. जाड केबल टाकली असती तर गाणी पाहिजे तेवढी वाजली असती, फ्यूज एकदाही उडाला नसता.”

त्यानं सगळं ऐकून घेतलं. बशीत ओतलेला माझा चहा अजून गरम होता.

“एवढंच हुतं व्हय?” अंकुश म्हणाला.

“एवढंच,” मी म्हणालो.